पानाच्या पेशीतील जमाखर्च

हिवाळ्यातील सकाळी खोबरेल तेलाची बाटली थिजून पांढरी झालेली दिसते. त्याच फडताळात तिच्या शेजारी ठेवलेले करडईचे वा जवसाचे तेल मात्र रात्रीइतकेच पातळ असते. हा अनुभव पुण्या-नागपुरास येतो, तसाच तो दिल्ली, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही येतो. आणि तो इतका नित्याचा आहे की त्यामागे काही कोडे असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कोडे मात्र आहे. स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक आणि लिनोलेनिक अशी चार मेदाम्ले घेतली, तर प्रत्येकात कार्बनचे अणू १८ च असतात. साखळीची लांबी सारखीच. तरीही स्टिअरिक अम्ल वितळावयास सुमारे ६९ अंश सेल्सिअस तापमान लागते, ओलेइक अम्ल १३ अंशांच्या सुमारास वितळते, लिनोलेइक शून्याखाली ५ अंशांपर्यंत आणि लिनोलेनिक शून्याखाली ११ अंशांपर्यंत गोठत नाही. भेद एवढाच की पहिल्याच्या साखळीत एकही द्विबंध नाही. दुसऱ्यात एक, तिसऱ्यात दोन आणि चौथ्यात तीन आहेत. प्रत्येक द्विबंधासाठी साखळीतून हायड्रोजनचे दोन अणू काढून घ्यावे लागतात. त्या ठिकाणी साखळीला बाक येतो. बाकदार साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसू शकत नाहीत, आणि पदार्थ पातळ राहतो. खोबरेलातील मेदाम्ले बहुतांशी द्विबंधरहित असतात, तर करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलेइक अम्लाचा असतो.

ही गोष्ट स्वयंपाकघरापुरतीच असती, तर तिचा इतिहास सांगण्याचे फारसे कारण नव्हते. परंतु याच मेदाम्लांपासून प्रत्येक सजीव पेशीभोवतीचे आणि पेशीच्या आतील पातळ पटल बनलेले असते. हॉलंडमधील गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघा संशोधकांनी १९२५ मध्ये तांबड्या रक्तपेशींतील मेद मोजून असे अनुमान काढले की, हे पटल अवघ्या दोन रेणूंच्या थराचे असावे. १९७२ मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी त्यापुढे जाऊन दाखविले की, हा थर भिंतीसारखा ताठ नसतो. तो तेलाच्या तवंगासारखा वाहता असतो आणि त्यात प्रथिने तरंगत असतात. पटल फार घट्ट झाले तर त्यातील प्रथिनांचे काम थांबते. फार पातळ झाले तर ते गळू लागते. जनावर थंडीत उन्हाला येते, उन्हाळ्यात सावलीला जाते. झाडाला ती सोय नाही. जेथे रुजले तेथेच त्याला पौषातली रात्र आणि वैशाखातली दुपार सोसावी लागते. म्हणून ते जागा बदलण्याऐवजी आपले पटल बदलते: थंडी वाढली की अधिक द्विबंध पाडते, ऊन वाढले की कमी.

हे द्विबंध पेशीत नेमके कोठे पडतात, कोणत्या क्रमाने पडतात आणि किती वेगाने पडतात, हे ठरविण्यास विज्ञानाला अर्धे शतक लागले. त्या शोधात रसायनशाळेतील काचपात्रांइतकाच वाटा गणिताचा आणि गणनयंत्राचा होता. आणि त्या अर्धशतकाच्या वृत्तांतातून एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. ती ही की, यंत्राने मांडलेला हिशेब जेथे जुळला तेथे ज्ञानात थोडीच भर पडली. जेथे तो जुळला नाही तेथे नवी वाट सापडली.

पेशीतील रासायनिक क्रिया यंत्रावर मांडून पाहण्याची कल्पना आज वाटते त्याहून जुनी आहे. मिखाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये विकरांच्या वेगाचे सूत्र दिले होते. विकर म्हणजे जी पेशीतील क्रिया घडवून आणतात पण स्वतः संपत नाहीत, ती प्रथिने. विकर आणि त्याचे भक्ष्य यांचा क्षणभर संयोग होतो आणि मग क्रिया पुरी होते, असे त्या सूत्राचे गृहीतक होते. पण तो क्षणभराचा संयोग कोणी पाहिलेला नव्हता. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ब्रिटन चान्स या तरुण शास्त्रज्ञाने पेरॉक्सिडेज या विकरावर तो प्रत्यक्ष मोजला. हे विकर मुळ्याच्या कुळातील एका तिखट विलायती मुळापासून काढलेले होते. मोजमाप हाती आले, पण त्यामागची अवकल समीकरणे कागदावर सुटेनात. तेव्हा त्याने त्याच विद्यापीठाच्या मूर विद्युत् अभियांत्रिकी विद्यालयातील चक्रे-दांडे फिरवून चालणारे अवकल-विश्लेषक यंत्र वापरले, आणि १९४३ मध्ये यंत्राने काढलेली वक्ररेषा प्रयोगातील वक्ररेषेशी ताडून पाहिली. याच विद्यालयात पुढे एनिॲक हा विद्युत्-संगणक तयार झाला आणि १९४६ मध्ये जगापुढे आला. एनिॲकच्याही आधी एका वनस्पतीचे विकर गणनयंत्रावर मांडले गेले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

१९६० नंतर त्याच विद्यापीठात डेव्हिड गारफिंकेल याने अंकीय संगणकावर अनेक विकरांची साखळी एकत्र मांडण्यास आरंभ केला. १९७३ मध्ये एडिंबरोचे काक्सर आणि बर्न्स, आणि १९७४ मध्ये बर्लिनचे हाइनरिख आणि रापोपोर्ट यांनी स्वतंत्रपणे एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला. क्रियांच्या साखळीचा वेग एकाच विकराच्या हाती असतो ही जुनी समजूत बरोबर नाही. नियंत्रण अनेकांत कमीअधिक वाटलेले असते आणि ते वाटप मोजता येते, असे त्यांनी दाखवून दिले. एखाद्या कचेरीतील कागद कोठे अडतो हे एकाच टेबलाकडे बोट दाखवून सांगता येत नाही, तशातलाच हा प्रकार आहे. मात्र हे गणित मेदाम्लांना लावावयाचे, तर आधी साखळीतील पायऱ्या माहीत हव्यात. आणि त्याच अजून अंधारात होत्या.

पहिल्या पायरीवर प्रकाश पडला तो १९६० मध्ये. कोनराड ब्लॉख आणि ब्लूमफील्ड यांनी किण्वावर प्रयोग करून सिद्ध केले की, साखळीत द्विबंध पाडण्यासाठी हवेतील प्राणवायू लागतो. ब्लॉख यास पुढे १९६४ मध्ये कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांवरील कार्यासाठी फेओडोर लिनेन याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. १९६८ मध्ये नागाई आणि ब्लॉख यांनी पालकाच्या हरितलवकांत, म्हणजे पानातील हिरवेपणा ज्या कणांत साठलेला असतो त्या कणांत, स्टिअरिक अम्लात पहिला द्विबंध पाडणारे विकर असल्याचे दाखविले. अशा विकरांना डीसॅच्युरेज असे नाव आहे. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथे पॉल स्टंफ याच्या प्रयोगशाळेत या विकराचा पाठपुरावा झाला आणि १९८२ मध्ये मकीऑन आणि स्टंफ यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते ज्या कोवळ्या बियांतून वेगळे केले, त्या करडईच्या होत्या. सोलापूरच्या काळ्या रानात आणि मराठवाड्यात ज्वारीच्या जोडीने उभे राहणारे हे काटेरी पीक अशा रीतीने जगाच्या जीवरसायनशास्त्रात मानाच्या जागी जाऊन बसले.

पहिल्या द्विबंधाचे विकर पाण्यात विरघळणारे असल्यामुळे ते हाती आले. दुसरा आणि तिसरा द्विबंध पाडणारी विकरे मात्र पटलातच रुतलेली असतात. त्यांना बाहेर काढावे तर त्यांचे काम बंद पडते. त्यामुळे त्यांचा माग प्रत्यक्ष न काढता खुणेने काढावा लागला. १९४० मध्ये केमन आणि रूबेन यांनी शोधलेला कार्बन-१४ हा किरणोत्सर्गी कार्बन येथे उपयोगी पडला. खूण केलेली नोट बाजारात सोडावी आणि ती कोणाकोणाच्या हातून जाते हे पाहावे, त्याप्रमाणे खूण केलेला ॲसिटेट पानाला द्यावयाचा आणि दर काही मिनिटांनी, मग तासांनी, तो कोणत्या मेदात पोहोचला हे मोजावयाचे.

न्यूझीलंडमध्ये ग्रॅटन रोघन याने भोपळ्याच्या पानांवर हा प्रयोग केला आणि १९७० मध्ये त्याचे फलित प्रसिद्ध केले. खूण प्रथम फॉस्फॅटिडिलकोलीन नावाच्या मेदात मोठ्या प्रमाणावर दिसली आणि मग तेथून ओसरत जाऊन हरितलवकांच्या मेदांत वाढत गेली. हा मेद केवळ पटलाचा एक घटक असेल असे तोपर्यंत मानले जात होते. तो जणू एखाद्या जंक्शन स्टेशनासारखा आहे, हे आता कळले. १९७८ मध्ये स्वीडनमधील स्टिम्ने आणि अपेलक्विस्ट यांनी त्यावर पुरावा दिला: ओलेइक अम्ल आधी फॉस्फॅटिडिलकोलीनला जोडले जाते आणि त्या जोडलेल्या अवस्थेतच त्याचे लिनोलेइक अम्ल होते. त्यांनीही प्रयोगासाठी निवडलेल्या बिया करडईच्याच होत्या. तिकडे १९७९ मध्ये ओलरॉगी, कून आणि स्टंफ यांनी पालकाच्या पेशींवरून असे दाखविले की, पानात नवी मेदाम्ले तयार होतात ती हरितलवकातच.

आता एक विचित्र चित्र तयार झाले. मेदाम्ल हरितलवकात जन्मते. त्याला दुसरा द्विबंध बाहेर, आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात मिळतो. आणि तरीही सर्वांत जास्त द्विबंध असलेली मेदाम्ले पुन्हा हरितलवकाच्याच पटलांत सापडतात. मालाने कारखान्याबाहेर जावे, दुसऱ्या गावी त्यावर संस्कार व्हावेत आणि तो परत त्याच कारखान्यात यावा, असा हा प्रवास होता. रोघन आणि रॉजर स्लॅक यांनी १९८२ मध्ये या सर्व निरीक्षणांची संगती लावून दोन वाटांचा सिद्धांत मांडला. स्लॅक हे नाव ऊस पिकविणाऱ्या मुलखाला परके नाही: उसाची पाने हवेतील कार्बन डायॉक्साइड ज्या विशेष मार्गाने बांधतात, तो हॅच-स्लॅक मार्ग याच्याच नावाचा. नव्या सिद्धांताप्रमाणे काही मेदाम्ले हरितलवकातच राहून तेथील मेदांत जातात; ही आतली वाट. उरलेली बाहेर जाऊन फॉस्फॅटिडिलकोलीनमार्गे फिरतात आणि त्यांतील काही परत येतात. ही बाहेरची वाट. कोणता रेणू कोणत्या वाटेने आला हेही ओळखता येते. ग्लिसरॉलच्या तीन जागांपैकी मधल्या जागी १६ कार्बनांचे मेदाम्ल असेल तर ती आतल्या वाटेची मोहोर. तेथे १८ कार्बनांचे असेल तर ती बाहेरच्या वाटेची. वाटाणा, गहू, मका यांच्या पानांतील हरितलवकांचे मुख्य मेद जवळजवळ सर्वस्वी बाहेरच्या वाटेने येतात. पालकात आणि मोहरीच्या कुळातील काही वनस्पतींत दोन्ही वाटा वाहत्या असतात.

वाटा दोन आहेत हे सांगणे निराळे आणि प्रत्येक वाटेवरून किती रहदारी होते हे सांगणे निराळे. येथून पुढे प्रश्न जमाखर्चाचा झाला. तो सोडविण्यासाठी मोहरीच्याच कुळातील अराबिडॉप्सिस ही वीतभर उंचीची, कोणत्याही पिकाच्या यादीत नसलेली वनस्पती निवडण्यात आली. सहा-आठ आठवड्यांत तिची एक पिढी पुरी होते, म्हणून आनुवंशिकीला ती सोयीची. मिशिगन स्टेट विद्यापीठात जॉन ब्राउझ आणि क्रिस्टोफर सॉमरव्हिल यांनी तिच्या बियांत रसायनाने उत्परिवर्तने घडवून आणली आणि प्रत्येक रोपट्याचे एकेक पान खुडून त्यातील मेदाम्ले वायु-वर्णलेखनाने मोजली. कंटाळवाणे, कारकुनी वळणाचे हे काम होते. पण त्यातूनच एकेका द्विबंधाचे विकर नसलेली रोपे हाती आली. १९८५ मध्ये अशा पहिल्या रोपाचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि पुढे त्या जनुकांना 'फॅड' या नावाखाली क्रमांक मिळाले. आंतर्द्रव्यजालिकेत दुसरा द्विबंध पाडणारे ते फॅड-२, तेथेच तिसरा पाडणारे फॅड-३, आणि हरितलवकातील काही इतर.

१९८६ मध्ये ब्राउझ, वॉरविक, सॉमरव्हिल आणि स्लॅक यांनी निरोगी अराबिडॉप्सिसच्या पानाचा ताळेबंद मांडला. हरितलवकात तयार होणाऱ्या दर १०० मेदाम्लांपैकी सुमारे ३८ आतल्या वाटेने तेथेच राहतात. ६२ बाहेर जातात. आणि बाहेर गेलेल्यांपैकी सुमारे ३४ परत येतात. म्हणजे एका इवल्याशा पानात आयात-निर्यातीचा एवढा मोठा व्यापार रात्रंदिवस चालू असतो. १९८८ मध्ये कुन्स्ट, ब्राउझ आणि सॉमरव्हिल यांना असे रोप मिळाले की, ज्याची आतली वाट पहिल्याच पायरीवर बंद पडली होती. ते मरावयास हवे होते. परंतु त्याने सारी वाहतूक बाहेरच्या वाटेने वळविली आणि पटलांची घडण बव्हंशी पूर्वीसारखीच राखली. एक खाते बंद झाले की दुसऱ्यातून भरपाई करावयाची, ही जाण त्या पेशीत उपजतच होती.

असा ताळेबंद हाती आल्यावर त्याचे संगणकी प्रतिरूप करणे ही पुढची स्वाभाविक पायरी. प्रतिरूप म्हणजे काय, हे समजावयास कठीण नाही. प्रत्येक मेदाचा साठा हे एक खाते समजावयाचे. एका खात्यातून दुसऱ्यात किती वेगाने रक्कम जाते, यासाठी एकेक समीकरण लिहावयाचे. फॉस्फॅटिडिलकोलीनमधील ओलेइक अम्लाच्या खात्यात हरितलवकातून जमा होते, त्याचे लिनोलेइक अम्ल झाले की खर्ची पडते. लिनोलेइकच्या खात्यात ती जमा दिसते आणि लिनोलेनिक झाले की ती खर्ची पडते. शिवाय तिन्ही खात्यांतून काही भाग परत हरितलवकाकडे जातो. वेग किती हे आधी माहीत नसते. म्हणून संगणक निरनिराळे आकडे घालून पाहतो आणि खूण केलेल्या कार्बनची प्रयोगात मिळालेली वक्ररेषा कोणत्या आकड्यांनी हुबेहूब उतरते हे शोधतो. हाताने हे करावयाचे तर आयुष्य पुरणार नाही; यंत्राला ते काही क्षणांचे काम आहे.

धोकाही येथेच आहे. अज्ञात वेग पुष्कळ असले आणि मोजलेले बिंदू थोडे असले, तर एकाच वक्ररेषेशी दोन निरनिराळी प्रतिरूपे सारखीच जुळतात. हिशेबाची बेरीज बरोबर आली म्हणजे पावत्या खऱ्या असतात असे नाही, हे ज्याने दप्तर तपासले आहे त्याला सांगावयास नको. मेदांच्या बाबतीत नेमके हेच घडत होते. बाहेर आलेले नवे मेदाम्ल आधी ग्लिसरॉलच्या मोकळ्या जागांवर बसते, त्यापासून नवा मेद घडतो, आणि त्याच ओघात ते फॉस्फॅटिडिलकोलीनमध्ये पोहोचते, असे पाठ्यपुस्तकांतील चित्र होते. केवळ ॲसिटेटची खूण घेतली तर आकडे त्या चित्रात बसविता येत. मिशिगन स्टेट विद्यापीठात बेट्स, ओलरॉगी आणि पोलार्ड यांनी वाटाण्याच्या पानांना दोन निरनिराळ्या खुणा दिल्या: ॲसिटेटची खूण मेदाम्लांसाठी आणि ग्लिसरॉलची खूण मेदाच्या कण्यासाठी. जुने चित्र खरे असते, तर कणा आणि साखळी दोन्ही एकाच वेळी नव्या दिसावयास हव्या होत्या. तसे झाले नाही. २००७ मध्ये त्यांनी जाहीर केले की, अगदी प्रथम खूण झालेल्या फॉस्फॅटिडिलकोलीनच्या रेणूंत एक मेदाम्ल नवे आणि दुसरे जुने होते. नवा मेद घडत नव्हता. जुन्याच मेदातील एक साखळी काढून तिच्या जागी नवी बसविली जात होती, आणि तीही नव्या मेदाच्या घडणीपेक्षा कितीतरी वेगाने.

दोन वह्या ताडून पाहिल्या तेव्हाच हे व्यवहार दिसले. एकदा ते दिसल्यावर, त्यांना जबाबदार कोण याचा शोध ओघानेच आला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात २००९ मध्ये लू, ब्राउझ आणि त्यांचे सहकारी यांनी एक नवे विकर शोधले. ते फॉस्फॅटिडिलकोलीनचा शिरोभाग उचलून दुसऱ्या मेदावर ठेवते, आणि त्यामुळे द्विबंध पडलेल्या साखळ्या तेलाच्या खात्यात मोकळ्या होतात. हे विकर नसलेल्या रोपांच्या बियांत दोन वा तीन द्विबंधांच्या मेदाम्लांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. २०१२ मध्ये या विकराबरोबरच साखळ्यांची अदलाबदल करणारी दोन विकरेही काढून टाकली, तेव्हा बियांच्या तेलातील तशा मेदाम्लांचे प्रमाण निरोगी रोपाच्या एक-तृतीयांशावर आले. म्हणजे जुन्या चित्रात ज्या वाटांना जागाच नव्हती, त्या खऱ्या राजरस्ते निघाल्या.

या सर्व खटाटोपात शेतकऱ्याच्या हिताचे काय आहे, असा प्रश्न कोणी विचारील आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर थंडीने आणि उन्हाने दिले आहे. १९९३ मध्ये मिकेल, ब्राउझ आणि सहकाऱ्यांनी फॅड-२ नसलेली अराबिडॉप्सिसची रोपे २२ अंशांवर वाढविली. ती बऱ्यापैकी वाढली. तीच ६ अंशांवर ठेवली तेव्हा हळूहळू मरून गेली. दुसऱ्या द्विबंधाची किंमत थंडीत प्राणाइतकी ठरली. १९९६ मध्ये आढळले की, तिसरा द्विबंध मुळीच पाडू न शकणारी रोपे हिरवी राहतात, वाढतात, पण त्यांच्यात सकस परागकण तयार होत नाहीत. कारण लिनोलेनिक अम्लापासून बनणारे जॅस्मोनेट हे संदेशद्रव्य त्यांना मिळत नाही. त्याच द्रव्यावाचून किडीपासून संरक्षणही होत नाही, हे १९९७ मध्ये दिसले. उलट, २००० मध्ये जपानमधील संशोधकांनी तंबाखूच्या हरितलवकांतील तिसरा द्विबंध पाडणारे विकर दडपले, तेव्हा ती रोपे साध्या रोपांपेक्षा अधिक उन्हात तगली. एकाच विकराचा ऱ्हास उन्हात वर आणि थंडीत व किडीपुढे शाप, असा हा पेच आहे. तापमान चढत असलेल्या काळात कोणते द्विबंध किती राखावयाचे, हे ठरविण्यापूर्वी ताळेबंद सर्व खात्यांचा मांडावा लागेल. एका खात्याकडे पाहून निर्णय घेणे महागात पडेल.

त्यासाठी प्रतिरूपेही विस्तारत गेली. अराबिडॉप्सिसचा संपूर्ण जनुकसंच डिसेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २००९ मध्ये पूलमन आणि सहकाऱ्यांनी त्यावरून पेशीतील क्रियांचे एकत्रित प्रतिरूप रचले. त्यामागचे एकघाती आयोजनाचे गणित १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिग याने अमेरिकन हवाई दलाच्या रसद-नियोजनासाठी तयार केले होते. सैन्याच्या कोठाराचे गणित पानाच्या कोठाराला लागू पडले. दुसऱ्या बाजूने, पटलाचे स्वतःचेच प्रतिरूप करण्यात आले. २०१५ मध्ये हॉलंडमध्ये फान एर्डेन, मारिंक आणि सहकाऱ्यांनी हरितलवकाच्या आतील पटलाचे मेद संगणकावर मांडले. अणूंचे लहान लहान गट करून प्रत्येक गटाला एक मणी मानावयाचे आणि अशा हजारो मण्यांची हालचाल क्षणाक्षणाने मोजावयाची, अशी ती पद्धत. जमाखर्चाचे प्रतिरूप सांगते की कोणती साखळी किती तयार होईल; मण्यांचे प्रतिरूप सांगते की ती तयार झाल्यावर पटल किती पातळ राहील. या दोहोंची पुरती सांधेजोड हे पुढच्या पिढीचे काम आहे.

या इतिहासाचे एक पान भारताशी बांधलेले आहे. १९५७ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात करडईच्या एका नव्या तेलाची नोंद आली. त्यात लिनोलेइक अम्ल थोडे आणि ओलेइक अम्ल भरपूर होते. या गुणाचे मूळ भारतातून नेलेल्या बियाण्यात होते. कॅलिफोर्नियात नोल्स याने त्यावरून १९६० नंतरच्या दशकात 'यूसी-१' हे वाण तयार केले. तळणासाठी अधिक टिकाऊ असे तेल त्यापासून मिळू लागले. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ते उकलले: करडईच्या बियांत काम करणाऱ्या फॅड-२ जनुकातील एक, केवळ एकच, अक्षर गळालेले होते. त्या एका अक्षरामुळे पुढचा सारा मजकूर निरर्थक झाला, दुसरा द्विबंध पाडणारे विकर बियांत उरले नाही आणि ओलेइक अम्ल जेथल्या तेथे साचून राहिले. मग हे रोप अराबिडॉप्सिसच्या त्या रोपासारखे थंडीत का मरत नाही? कारण अराबिडॉप्सिसच्या दप्तरी फॅड-२ ची एकच प्रत आहे, तर करडईच्या दप्तरी त्या घराण्यातील ११ जनुके आढळली आहेत. बियांतील प्रत बिघडली तरी पानांतील पटलांचा कारभार दुसऱ्या प्रतींवर चालतो. आपल्याकडील कोणा अनाम शेतकऱ्याच्या रानात पिढ्यान्पिढ्या जपले गेलेले बी असे उत्तर पोटात घेऊन बसले होते; ते वाचता येण्यास विज्ञानाला ५६ वर्षे लागली.

चान्सच्या चक्रे-दांड्यांच्या यंत्रापासून आजच्या संगणकापर्यंत गणनेचा वेग कल्पनेपलीकडे वाढला आहे. पण या कथेतील निर्णायक क्षण वेगामुळे आले नाहीत. भोपळ्याच्या पानातील खूण अनपेक्षित मेदात आढळली, आतली वाट बंद असलेले रोप मेले नाही, ग्लिसरॉलची वही ॲसिटेटच्या वहीशी जुळली नाही. त्या त्या वेळी कोणीतरी तफावत पुसून न टाकता तिच्याकडे पाहत बसले. यंत्र हिशेब मांडते. न जुळणारा आकडा खोडावयाचा की तपासावयाचा, हे मात्र अद्याप माणसालाच ठरवावे लागते.